एकच पापुद्रा

गेली १४ वर्षे मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. श्वसनाचा पाठ आणि उत्सर्जनाचा पाठ यांच्यामध्ये आमच्याकडे बहुतेक वेळा एखादी घटक चाचणी येते, कधी दिवाळीची सुट्टीही येते, त्यामुळे फुप्फुसांची आकृती पुसून मूत्रपिंडाची आकृती फळ्यावर काढेपर्यंत मुलांच्या आणि माझ्याही मनात आधीच्या पाठाचे फारसे काही उरलेले नसते. वायुकोशाभोवतीचे केशवाहिन्यांचे जाळे मी लाल खडूने दाखवते. काही आठवड्यांनी नेफ्रॉनच्या, म्हणजे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळणीच्या, टोकाशी असलेल्या ग्लोमेरुलसचे जाळेही त्याच लाल खडूने काढते. ही दोन जाळी एकाच प्रकारच्या अतिशय पातळ अस्तरावर उभी असतात, हे मात्र मला माझा धाकटा भाऊ अतिदक्षता विभागात असताना कळले.

पाच वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीत तो २७ वर्षांचा होता. तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये तो गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचे काम करत असे. स्प्रेगनने रंग मारण्यात त्याचा हात बसलेला होता आणि त्याच्याकडूनच रंग मारून घ्यायचा म्हणून लोक आठ-आठ दिवस थांबत. थिनरचा वास त्याच्या कपड्यांना, केसांना, अगदी जेवणाच्या डब्यालाही येई. काम करताना तो तोंडाला रुमाल बांधत असे आणि काम संपले की रुमाल सोडून सिगारेट पेटवत असे. संक्रांतीच्या आसपास त्याला खोकला लागला. एका सकाळी खोकताना बेसिनमध्ये रक्त पडले, ते आईने पाहिले, आणि घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच शब्द आला.

तो शब्द येणे साहजिक होते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आपल्या देशात आहेत; खोकल्यातून रक्त, उतरलेले वजन, थकवा आणि एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत डाग एवढे एकत्र दिसल्यावर कोणताही डॉक्टर आधी क्षयाचाच विचार करणार. थुंकीच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत, पण प्रत्येक क्षयरुग्णाच्या थुंकीत ते सापडतातच असेही नाही. ज्यांनी क्षयाची औषधे सुरू केली त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्यासमोर जे ठेवले गेले त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मीही काढला असता. त्या औषधांपैकी रिफाम्पिसिन या औषधाने लघवीचा रंग नारिंगी-तांबडा होतो, आणि हे आम्हाला आधीच बजावून सांगण्यात आले होते, म्हणजे रंग पाहून घाबरून कोणी गोळ्या मध्येच सोडू नये. सूचना योग्य होती. पण त्या एका सूचनेने आमच्या घरात लघवीच्या रंगाचा विषय कायमचा मिटला, कारण आता त्या रंगाला कारण मिळाले होते.

दोन आठवड्यांत त्याचे पाय सुजले. आईने ती अशक्तपणाची सूज ठरवली आणि नाचणीची आंबील सुरू केली. सोळाव्या रात्री त्याला आडवे झोपता येईना. उशीला टेकून, तोंड उघडे ठेवून तो श्वास ओढत बसला होता. त्याच रात्री रुग्णवाहिकेने आम्ही पुण्याला निघालो. पहाटे आलेल्या अहवालात हिमोग्लोबिन ६.२ होते आणि क्रिएटिनिन ९.१. पहिल्या आकड्याचा अर्थ मला समजला. फुप्फुसांत आतल्या आत खूप रक्त सांडत असले पाहिजे. दुसरा आकडा मूत्रपिंडे रक्त नीट गाळत नसल्याचे सांगणारा होता; तो मला दुसऱ्याच कोणाच्या कागदावरचा वाटला, कारण आमच्या लेखी आजार छातीचा होता.

सकाळी मूत्रपिंडाच्या डॉक्टर आल्या. त्यांनी छातीविषयी काही न विचारता आधी पाय दाबून पाहिले आणि विचारले, "लघवीचा रंग कधीपासून बदलला?"

"गोळ्या सुरू झाल्यापासून," मी लगेच सांगितले.

भावाने ऑक्सिजनचा मास्क जरासा बाजूला केला. "त्याच्याही आधी. दहा-बारा दिवस. बिनदुधाच्या चहासारखी होत होती." आणि माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "हे कुणाला काय सांगायचं, ताई?"

त्या वाक्याचा मी पाच वर्षे विचार करते आहे. तोंडातून रक्त पडले तेव्हा घर गोळा झाले, शेजारच्या काकू आल्या, मामांचा फोन आला. त्याच रक्ताचा दुसरा पाझर रोज संडासात वाहून जात होता आणि तो पाहणारा एकटाच होता, आणि त्या पाहणाऱ्याला आपण लहानपणापासून हेच शिकवलेले असते की या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात. मी स्वतः वर्गात उत्सर्जनाचा पाठ शिकवताना 'मूत्र' हा शब्द उच्चारते, कारण तो पुस्तकातला आहे. घरी मी भावाला कधीही विचारले नव्हते. छातीचे लक्षण छातीच्या डॉक्टरांपर्यंत गेले आणि लघवीचे लक्षण कोणाकडेच गेले नाही. ही दोन लक्षणे एकाच माणसाने एकाच वाक्यात सांगितली असती, तर त्या वाक्यातच निदानाची दिशा होती.

आजाराचे नाव गुडपाश्चर सिंड्रोम. डॉक्टर आपसांत त्याला अँटी-जीबीएम म्हणत, आणि ते नाव अधिक नेमके आहे, कारण ते जागा दाखवते: जीबीएम म्हणजे ग्लोमेरुलसच्या भिंतीतला तळपडदा. दहा लाख लोकांत वर्षाला साधारण एखाद्यालाच तो होतो, आणि बहुतेकदा विशी-तिशीतल्या तरुणांना किंवा साठी ओलांडलेल्यांना. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख ग्लोमेरुलस असतात आणि ते सगळे मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात. हे गाळण ज्या पडद्यातून होते त्याची जाडी मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाइतकी असते. कांद्याच्या पातीवरचा पारदर्शक पापुद्राही त्याच्या मानाने जाड म्हणावा लागेल. हा पडदा मुख्यतः चौथ्या प्रकारच्या कोलॅजनच्या धाग्यांनी विणलेला असतो, आणि त्या विणीतला अल्फा-३ नावाचा धागा शरीरात फार थोड्या ठिकाणी सापडतो. त्यांपैकी मुख्य दोन जागा म्हणजे ग्लोमेरुलस आणि वायुकोश. भावाच्या रक्तात या धाग्याच्या एका टोकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली होती. एक लढाई छातीत आणि दुसरी पोटात असे काही नव्हते. ती एकाच पापुद्र्यावर चालली होती आणि आम्ही तिची दोन टोके दोन वेगळे आजार समजत होतो.

बायोप्सीचा अहवाल येण्याची वाट न पाहता त्यांनी उपचार सुरू केले, कारण या आजारात मूत्रपिंडाचे नुकसान दिवसांच्या हिशेबाने होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावून संगणकाच्या पडद्यावर एक चित्र दाखवले. काळ्या पार्श्वभूमीवर ग्लोमेरुलसची वेटोळी होती आणि त्यांच्या काठाने एक सलग, फिकट हिरवी, चमकणारी रेघ गेली होती. कुठेही न तुटलेली. ती रेघ म्हणजे पडद्यावर चिकटून बसलेली प्रतिपिंडे. मला ती सुंदर दिसली, आणि तसे वाटल्याची लगेच भीतीही वाटली. शेजारच्या चित्रात ग्लोमेरुलसच्या भोवती पेशींची दाटी होऊन चंद्रकोरीसारखे आकार तयार झाले होते. त्यांना चंद्रकोरच म्हणतात. तपासलेल्या १६ ग्लोमेरुलसपैकी १५ मध्ये ती होती. आतल्या जाळ्याला दाबून टाकणारी ही कोर जितक्यांत दिसेल तितके मूत्रपिंड गेले असे समजायचे.

ज्यांचे नाव या आजाराला मिळाले ते अर्नेस्ट गुडपाश्चर हे अमेरिकेच्या टेनेसी राज्यातले विकृतिशास्त्रज्ञ. १९१८ साली, म्हणजे माझ्या पणजीच्या पिढीने जिला मानमोडी म्हटले त्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, ते बॉस्टनजवळच्या चेल्सी येथील नौदलाच्या रुग्णालयात शवविच्छेदने करत होते. १९१९ मध्ये त्यांनी साथीतल्या फुप्फुसांविषयी एक लेख लिहिला. त्यात एका १८ वर्षांच्या तरुणाची नोंद आहे, जो फ्लूतून उठला आणि काही आठवड्यांनी खोकल्यातून रक्त पडून गेला. त्याच्या फुप्फुसांत रक्तस्राव होता आणि मूत्रपिंडांतही दाह होता. गुडपाश्चरांचा शोध इन्फ्लुएंझाच्या कारणाचा होता. तरीही समोरचे मूत्रपिंड हा आपला विषय नव्हे असे म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले नाही, छातीच्या नोंदीशेजारी त्याचीही नोंद केली. मला त्यांच्याविषयी जो आदर वाटतो तो एवढ्यासाठी. पुढे १९३१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर विषाणू वाढवण्याची पद्धत घालून दिली, जिच्यावर नंतरच्या अनेक लशी उभ्या राहिल्या. या आजाराला त्यांचे नाव दिले ते १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियातील स्टँटन आणि टँज या डॉक्टरांनी, नऊ रुग्णांचे वर्णन करताना. त्या १८ वर्षांच्या मुलाला खरोखर हाच आजार होता की रक्तवाहिन्यांच्या दाहाचा दुसरा एखादा, याविषयी आजच्या अभ्यासकांना शंका आहे, पण माझ्या मनातून तो मुलगा काही जात नाही.

प्रतिपिंडेच खरोखर इजा करतात हे १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील लर्नर, ग्लासॉक आणि डिक्सन यांनी दाखवले: रुग्णांच्या मूत्रपिंडांतून धुऊन काढलेली प्रतिपिंडे माकडांना टोचताच माकडांच्या मूत्रपिंडांना तसाच दाह झाला. एकदा हे ठरल्यावर उपचाराची वाट सरळ झाली, आणि लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील लॉकवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ती मांडली. रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, यंत्राने काढून टाकायचा, त्याबरोबर प्रतिपिंडे जातात. आणि नवी तयार होऊ नयेत म्हणून सायक्लोफॉस्फामाइड आणि स्टिरॉइड द्यायचे. त्याआधी हा आजार बहुतेक वेळा जीवच घेत असे.

माझ्या भावाचा प्लाझ्मा चौदा वेळा बदलला. मानेत घातलेल्या जाड नळीतून रक्त यंत्रात जाई आणि यंत्राला टांगलेल्या पिशवीत गढूळ पिवळा द्रव साठत जाई. त्याच्या जागी अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन द्यायचे, आणि फुप्फुसांतून रक्त येत असताना दात्यांचा गोठवलेला प्लाझ्मा. अल्ब्युमिनच्या बाटल्यांसाठी पतसंस्थेचे कर्ज काढावे लागले. रक्तपेढीत दाते हवेत म्हटल्यावर गॅरेजमधली सगळी पोरे एका टेम्पोतून पुण्याला आली. हातांवरचे रंगाचे डाग तसेच होते. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर खोकल्यातले रक्त थांबले. सायक्लोफॉस्फामाइड सुरू करण्याआधी एका तरुण डॉक्टरने आईला बाहेर बसवून भावाशी पुढे मूल होण्याविषयी, वीर्य साठवून ठेवण्याविषयी बोलून घेतले. आईने नंतर मला विचारले, "काय बोलत होते?" आणि मी तिला खरे ते सांगितले. दोन आठवड्यांपूर्वी मी सांगितले नसते.

रुग्णालयाच्या जिन्यात भेटलेल्या मामांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं." तेव्हा मी मान डोलावली. नंतर नंतर ही म्हण मला छळू लागली, कारण तीत विश्वासघात आहे, आणि भाऊ आधीच स्वतःच्या शरीराकडे गुन्हेगारासारखा पाहू लागला होता. मी मिळेल ते वाचले. कोलॅजनच्या या विणीत सहा टोके एकमेकांत घट्ट अडकलेली असतात, आणि प्रतिपिंडे ज्या भागाला ओळखतात तो भाग, बांधलेल्या मोळीच्या आतल्या काडीसारखा, बाहेरून दिसतच नाही. २०१० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी, म्हणजे गुडपाश्चर जिथे अनेक वर्षे शिकवत होते तिथल्याच लोकांनी, दाखवून दिले की या टोकांची रचना बदलते तेव्हाच तो झाकलेला भाग उघडा पडतो. शरीराचे रक्षक ज्या भागाला आजवर कधी भेटलेलेच नव्हते त्याला ते परका समजतात. ज्याला कधी पाहिले नाही त्याला ओळखले नाही म्हणून कुंपणाला दोष कसा द्यायचा? हे मी भावाला त्याच्या वहीत आकृती काढून समजावले. त्याला किती पटले ते त्याने सांगितले नाही, पण ते पान त्याने फाडून पाकिटात ठेवले.

फुप्फुसांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळली, जी आम्हाला आधी कळायला हवी होती. ग्लोमेरुलसमधल्या केशवाहिन्यांच्या भिंतीला भोके असतात, त्यामुळे रक्तातली प्रतिपिंडे थेट पडद्यापर्यंत पोहोचतात. वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांची भिंत मात्र बंद असते. ती उघडायला काहीतरी इजा लागते: सिगारेटचा धूर, पेट्रोल किंवा थिनरसारख्या द्रवांची वाफ, एखादा संसर्ग. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या ३७ च्या ३७ रुग्णांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला होता. न करणाऱ्या दहांपैकी फक्त दोघांच्या. माझा भाऊ दिवसभर थिनर आणि मधल्या वेळेत सिगारेट, अशी दोन्ही दारे स्वतःच उघडी ठेवत होता. रंगकाम करणाऱ्या पोरांना मी आता भेटेन तिथे हे सांगते, आणि रुमालाने वाफ अडत नाही हेही. माझे बोलणे त्यांना लांबलचक वाटते हे मला दिसते. तरी मी थांबत नाही.

फुप्फुसे वाचली. मूत्रपिंडे परतली नाहीत. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात तशी कल्पना दिली होती, आणि मी नंतर २००१ मधला ७१ रुग्णांचा एक अभ्यास वाचला तेव्हा त्यांच्या शब्दांमागचे आकडे मला दिसले. उपचार सुरू होताना ज्यांचे क्रिएटिनिन ५.७ च्या आत होते त्यांच्यापैकी शंभरांतल्या ९५ जणांची मूत्रपिंडे वर्षानंतरही काम करत होती. ज्यांना आल्याआल्या डायलिसिस लागले त्यांच्यापैकी शंभरांतल्या आठांचीच. या दोन आकड्यांच्या मधली जागा म्हणजे माझ्या भावाचे ते चार आठवडे. तो अभ्यास मी रात्री वाचला आणि सकाळी शाळेत गेले. त्या दिवशी मी काय शिकवले ते मला आठवत नाही.

मग डायलिसिस. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. हातात फिस्टुला काढला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर एकमेकींना जोडली, त्यातून रक्त वाहताना बोटाला जाणवणारी थरथर आई रोज रात्री हात लावून पाहत असे, देवाला हात लावावा तशी. पाणी मोजून प्यायचे होते. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा तोंडात धरून बसे. लघवी जवळजवळ बंदच झाली होती, आणि ज्या गोष्टीविषयी बोलायला त्याला लाज वाटली होती ती गोष्ट आता नव्हतीच. या आजाराची एक बाजू मात्र रुग्णाच्या बाजूने असते: एकदा शांत झाला की तो सहसा परत येत नाही. रक्तातली प्रतिपिंडे नाहीशी होऊन किमान सहा महिने गेले की प्रत्यारोपण करता येते, नाहीतर नव्या मूत्रपिंडाच्या पापुद्र्यावरही ती तुटून पडतील. आईने आपले मूत्रपिंड द्यायचे हे तिने पहिल्या डायलिसिसच्या दिवशीच ठरवले होते. तेव्हा ती ५४ वर्षांची होती. तपासण्या, कागदपत्रे, समितीसमोरची मुलाखत या सगळ्यांत ती एकदाच बिचकली, तेव्हा तिने डॉक्टरांना विचारले, "माझ्याकडूनच तर हा रोग त्याला गेला नाही ना?" डॉक्टरांनी सांगितले की काही अनुवांशिक कल असू शकतो, पण तो असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधीच होत नाही. आई म्हणाली, "मग घ्या."

पहिल्या डायलिसिसपासून चौदा महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली. आईला दुपारी शुद्ध आली तेव्हा मी तिच्याजवळ होते. ओठ कोरडे पडले होते, शब्द नीट फुटत नव्हते. तिने पाणी मागितले नाही, दुखते आहे म्हटले नाही. तिने विचारले, "लघवी झाली का त्याला?" पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी, त्यांच्या मुलीने, दारातल्या मावशींनी ते ऐकले आणि सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी खालच्या मजल्यावर पळत गेले. परिचारिकेने खाटेला अडकवलेली पिशवी वर उचलून मला दाखवली आणि काचेच्या पलीकडून बोटांनी आकडा सांगितला. मी वर आले आणि दारातूनच मोठ्याने म्हणाले, "झाली, आई. दोन लिटरच्या वर झाली."

त्याला आता चार वर्षे झाली. तो गॅरेजमध्ये जात नाही. घराच्या ओट्यावर नंबरप्लेट आणि पाट्या रंगवतो, ब्रशने, उघड्यावर. पहिले वर्षभर त्याला रोजची लघवी मोजून वहीत लिहायची होती. डॉक्टरांनी ते कधीच बंद करायला सांगितले, तरी तो ते करतो, आणि मी शाळेत निघायच्या वेळी त्याचा फोन येतो. शिक्षक-कक्षात असले तरी मी तो घेते.

"कालची एकवीसशे," तो सांगतो. "रंग फिका, ताई. अगदी फिका पिवळा."